मामांच्या जागी मोर

केंदूर, ता. शिरूर
मंगळवार (तारीख मुद्दाम घातली नाही. घातली तर लग्नाला किती दिवस राहिले ते तुम्ही मोजाल, आणि इतके दिवस कुठं होतास म्हणून विचाराल.)

तीर्थस्वरूप जालिंदरमामांच्या पायांशी गोकुळचा साष्टांग नमस्कार. (हा नुसता कागदावरचा नाही. लिहायला बसण्याआधी ओट्यावर खरोखर आडवा पडलो आणि केडगावच्या दिशेनं घातला. दिशा मोबाईलमध्ये बघून घेतली, कारण दिशांच्या बाबतीत माझी काय लायकी आहे ते पुढं कळेलच.)

तुमचा गुडघा कसा आहे? सिंधूमामींची शुगर? शेवंतीला औंदा भाव कसाही असो, फूल चांगलं आहे असं ऐकलं. इकडं सगळे खुशाल आहेत असं लिहायची रीत आहे, पण मामा, इकडं कुणीही खुशाल नाही. आई जेवते पण बोलत नाही, आजी बोलते पण ते ऐकवत नाही, आणि अण्णा दिवसभर विहिरीवर मोटर दुरुस्त करत बसतात. मोटरला काहीही झालेलं नाही.

पत्र हातानं लिहितोय, कारण आईनं तशी अट घातली. मी म्हणालो, चांगलं टाईप करून प्रिंट काढतो. ती म्हणाली, "छापून जे करायचं ते केलंस. आता हातानं निस्तर." पाच वर्षं खराडीच्या कंपनीत बोटांनी बटणं बडवल्यावर माझं अक्षर असं झालंय, तर जिथं लागणार नाही तिथं 'चुकलो' असं वाचावं, अर्थ बरोबर बसेल. तुम्हाला सत्तावीस फोन केले, तुम्ही एकही उचलला नाही. त्यात तुमची काही चूक नाही. मी असतो तर नंबरच ब्लॉक केला असता.

आता पहिल्यापासून सांगतो. मागच्या वर्षी चुलतभाऊ हृतिकच्या लग्नात अण्णांच्या आमंत्रणाच्या वहीतून पाबळचे एक पाहुणे राहून गेले होते, ते तुम्हाला आठवत असेल. (ते तरीही आले, आणि सगळी पंगत उठेपर्यंत मांडवाबाहेर मोटरसायकलवर बसून राहिले. हेल्मेटसुद्धा काढलं नाही.) तेव्हाच मी घरात जाहीर केलं की माझ्या बहिणीच्या, ज्ञानेश्वरीच्या लग्नाला वही बंद, यादी मी कॉम्प्युटरवर करणार. एकही माणूस सुटणार नाही. हे वाक्य मी उभा राहून, सगळ्यांसमोर, कमरेवर हात ठेवून बोललो होतो. आजीला ते शब्दाशब्दानं पाठ आहे आणि ती रोज सकाळी एकदा म्हणून दाखवते.

तुम्ही एकदा मला विचारलं होतं की तू कंपनीत नक्की करतोस काय, आणि मी 'डेटा' म्हणून विषय संपवला होता. तेव्हाच नीट सांगायला हवं होतं, म्हणून आता सांगतो. एक ग्राफ डेटाबेस नावाचा प्रकार असतो. वहीत माणसं एकाखाली एक येतात, यात तसं नसतं. यात प्रत्येक घराचा एक गोल, आणि दोन गोलांच्या मध्ये नात्याची रेघ. कोण कुणाचं कोण लागतं हे त्याला विचारलं की तो रेघेवरून चालत जातो आणि सांगतो. सोयऱ्याधायऱ्यांच्या कामाला याहून चांगली वस्तू मिळायची नाही असं मला वाटलं. (अजूनही वाटतं. पण घरात ते बोलायची सोय राहिली नाही.)

मात्र हा डेटाबेस आपल्याशी थेट बोलत नाही. मी लिहितो तो प्रोग्रॅम पायथन नावाच्या भाषेत, डेटाबेस राहतो त्याच्या घरी, आणि दोघांची ओळखपाळख काही नसते. मग सोयरीक जुळवताना लागतो तसा एक मध्यस्थ घालावा लागतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. त्याला डेटाबेसचा पत्ता, नाव आणि पासवर्ड दिला की तो तिकडं जातो, आपलं म्हणणं सांगतो आणि उत्तर घेऊन येतो. पहिल्या रविवारी माझा मध्यस्थ गेला आणि तसाच परत आला, दारात कुणी उभंच करेना. दोन तास डोकं खाजवल्यावर कळलं की मी डेटाबेस चालूच केला नव्हता. मग चालू केला, तर पासवर्ड चुकीचा. तो पासवर्ड मीच घातलेला होता, आदल्याच दिवशी. चार-पाच वेळा चुकीचा दिल्यावर तो असा काही बिनसला की बरोबर दिला तरी घेईना, म्हणाला थोड्या वेळानं या. मग थोडा वेळ गेला, आणि लाईट गेली.

तिसऱ्या रविवारी एकदाचं 'कनेक्टेड' असं आलं आणि मी ओरडलो, "जमलं!" आजी देवघरातून पळत आली, "कुणाचं?" आता तिला काय सांगणार? तोवर तिनं देवापुढं साखर ठेवलीसुद्धा. आठ दिवसांनी ज्ञानेश्वरीची सोयरीक खरोखरच पक्की झाली, त्यामुळं ते सगळं श्रेय कॉम्प्युटरला गेलं आणि माझा भाव घरात फारच वाढला. तो नसता वाढला तर बरं झालं असतं, कारण मग कुणीतरी यादी तपासली असती.

त्यानंतर अकरा रविवार आई नावं सांगत होती आणि मी भरत होतो. मामा, हे तुम्हाला मुद्दाम सांगतो. तिनं सगळ्यात पहिलं नाव सांगितलं ते केडगावचं. नुसतं नाव नाही, तुमच्या वस्तीचं, विहिरीचं, तिच्या लग्नात तुम्ही झेंडूचं अख्खं वावर कसं तोडून आणलं त्याचं. मी म्हणालो, आई, झेंडू भरायला यात जागा नाही, पुढचं सांग. तर तुमचं नाव डेटाबेसमध्ये गेलेलं आहे, पहिल्या दिवशी गेलंय, आणि तिथून ते एक दिवसही हाललेलं नाही. मी तुम्हाला विसरलो नव्हतो. आणायला चुकलो.

ते कसं, तेही सांगतो, कारण ही चूक कंपनीतल्या माझ्या साहेबालाही समजावून सांगता आली नाही. तो हसला नुसता, त्याला आजोळ म्हणजे सुट्टीतला आंबा एवढंच माहीत. या डेटाबेसमधल्या रेघेला बाणासारखं टोक असतं. मी नात्याचं नाव ठेवलं 'मुलगी दिली'. ज्या घरानं मुलगी दिली तिथून बाण निघतो आणि ज्या घरात ती नांदायला गेली तिथं पोचतो. आम्ही वच्छलाआत्या वढू बुद्रुकला दिली, म्हणून केंदूरहून वढूला बाण. आत्यानं तिची सोनम केडगावला दिली, म्हणून वढूहून केडगावला बाण. (सोनमचं सासर तुमच्यापासून दोन गल्ल्यांवर, ते तर तुम्हाला माहीतच आहे. तिथंच सगळा घात झाला.) आणि तुम्ही आई आम्हाला दिली, म्हणून तुमच्या घरून निघालेला बाण आमच्या घरात येतो.

यादी काढताना मी कॉम्प्युटरला सांगितलं की केंदूरपासून सुरू कर, बाणाबाणानं पुढं जा, वाटेत जी घरं लागतील ती सगळी घे. तो गेला. इमानदारीत गेला. आत्या घेतली, सोनम घेतली, सोनमची नणंद दौंडला दिलीय तिच्या सासरचं चुलत-मालत घेतलं. (त्यांना आम्ही उभ्या जन्मात पाहिलेलं नाही. क्रुझर भरून येतायत.) पण तुमचा बाण आमच्याकडं येणारा, त्याच्यावरून उलटं चालत जायला मी सांगितलंच नव्हतं, मग तो कशाला जाईल? आजीचं पाबळचं माहेर गेलं, आईचं केडगावचं माहेर गेलं. ज्यांना आम्ही मुली दिल्या ते सगळे यादीत, आणि ज्यांनी आम्हाला मुली दिल्या त्यातलं एकही घर नाही. एका टोकानं घरातल्या दोन्ही बायकांचं माहेर पुसून टाकलं, आणि मी त्या कागदाला दोनशे सत्तर घरं बिनचूक आली म्हणून हळदकुंकू वाहून घेतलं.

आईनं विचारलं होतं. खोटं कशाला बोलू? मोबाईलवर यादी खालीवर करून ती म्हणाली, "गोकुळ, केडगाव कुठं दिसंना." मी तेव्हा ऑफिसच्या मीटिंगमध्ये होतो. (म्हणजे घरीच होतो, कानाला हेडफोन.) मी म्हणालो, असेल खाली कुठंतरी, कॉम्प्युटरला विसर पडत नसतो. तिनं मोबाईल खाली ठेवला. तिचा माझ्यावर विश्वास होता, मामा. मला त्याच गोष्टीचं सगळ्यात वाईट वाटतं.

पत्रिकाही त्याच यादीवरून छापल्या. आत्याच्या रकान्यात वच्छलाआत्याचं नाव ठळक अक्षरात, फोटोसकट. मामा-मंडळींच्या रकान्यात प्रोग्रॅमनं काहीच दिलं नाही, तर शिरूरच्या प्रेसवाल्यानं मोकळी जागा वाईट दिसते म्हणून तिथं मोर टाकला. पिसारा फुलवलेला, सोनेरी शाईत. वाटपाची यादीसुद्धा प्रोग्रॅमनंच गाववार काढली, त्यात केडगावच्या पानावर एकच घर, सोनमचं सासर. अण्णा ती पत्रिका द्यायला केडगावला आले. त्यांना वाटलं, तुमची पत्रिका मानाची, ती आई आणि मी कुंकू-अक्षता घेऊन वेगळी देणार. आईला वाटलं, हे केडगावला गेलेच आहेत तर दादाला देऊनच येतील. आणि अण्णा तुमच्या वस्तीवरून जाताना थांबले नाहीत, नुसता हॉर्न वाजवला. ते घरी येऊन म्हणाले, "जालिंदर शेतात व्हता, हात केला त्यानं." अहो, पहिली पत्रिका देवाला आणि दुसरी आजोळाला ही आपली रीत, आणि आम्ही आजोळाला हॉर्न वाजवून आलो.

मग तुम्ही सोनमच्या सासरी चहाला गेलात. तिथं टीव्हीवर ठेवलेली पत्रिका तुम्ही हातात घेतली, वाचली, आणि आईला फोन केला. फोन स्पीकरवर होता, आम्ही सगळे कांदे निवडत बसलो होतो. तुम्ही ओरडला असता तर सोसलं असतं. तुम्ही शांतपणे म्हणालात, "सुवर्णा, पत्रिका बघितली. चांगली हाय. नवरीला मांडवात मोर घिऊन येईल." आणि फोन ठेवला. आईच्या हातातला कांदा तसाच राहिला. मला आधी हसू आलं, हे कबूल करतो. मग आईच्या तोंडाकडं बघितलं आणि त्यानंतर आजपर्यंत या घरात कुणी हसलेलं नाही.

मी लगेच लॅपटॉप उघडला, ओळ तपासली, बाणाचं टोक काढून टाकलं, म्हणजे येणारं जाणारं दोन्ही धर. पुन्हा चालवलं. मामा, पहिल्या ओळीत केडगाव आलं. टोक काढायला एक सेकंद लागला. इतकं सोपं होतं हे बघून मी ओट्यावर जाऊन बसलो आणि खरं सांगतो, रडलो. पाबळला आजीच्या भाच्याकडं दुसऱ्याच दिवशी जाऊन पाया पडून आलो. ते म्हातारे गृहस्थ मोठ्यानं हसले आणि म्हणाले, आमच्याकडून कुणी येतंय का नाही ते तुझ्या मशीनलाच विचार. पण चहा पाजला, आणि येतो म्हणाले. तुमच्याकडं यायला मात्र माझे पाय उचलेनात, कारण तुमचं प्रकरण नुसतं आजोळाचं नाही.

ज्ञानेश्वरी दौंडच्या कॉलेजला होती ती तीन वर्षं तुमच्याकडं राहिली. तुम्ही रोज सकाळी तिला मोटरसायकलवर केडगाव स्टेशनला सोडायचात, आणि गाडी हालेपर्यंत फलाटावर उभे राहायचात. मी एकदा तिथं होतो. तुमच्या अंगावर बंडी, हातात तिचा डबा, आणि ती खिडकीतून 'जावा आता' म्हणत होती तरी तुम्ही जात नव्हतात. हे डेटाबेसमध्ये कसं भरायचं? 'मुलगी दिली'चा बाण केला, 'भावकी'चा केला, 'व्याही'चा केला. 'स्टेशनवर सोडलं' असा बाण मला सुचलाच नाही. सुचला असता तर तो तुमच्याकडूनच निघाला असता आणि आमच्या घराकडंच आला असता, म्हणजे तोही मी सोडूनच दिला असता.

ज्ञानेश्वरी भांडली नाही माझ्याशी. भांडली असती तर बरं होतं. ती एवढंच म्हणाली, की माईकवर 'नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन यावं' असं पुकारतील आणि मामा नसेल, तर मी खोलीतनं उठणार न्हाई, मुहूर्त गेला तर जाऊ दे. आणि ती तशीच आहे, तुम्हाला माहीत आहे. तुमच्याकडंच तीन वर्षं वाढली.

तर मामा, आमचं चुकलं. माझं चुकलं. राग माझ्यावर ठेवा, लग्न झाल्यावर जन्मभर ठेवा, पण लग्नापुरतं या. पाठीशी तुम्ही उभे असल्याशिवाय ती पाटावर चढणार नाही आणि तुमच्याशिवाय आई मांडवात पाऊल टाकणार नाही. मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा (अजून मानत असाल तर) भाचा,
गोकुळ

ता. क. : डेकोरेशनवाला विचारत होता की झेंडू आणि शेवंती कुठून आणू. मी त्याला सांगितलं, बाजारातून आण. तुमच्याकडं फुलं मागायला हे पत्र लिहिलं असं कृपा करून समजू नका. (आईनं मात्र त्याला परस्पर सांगितलंय, की फुलं आली तर केडगावची येतील, न्हाई तर मांडव मोकळा राहील. मी फक्त कानावर घातलं.)

दुसरा ता. क. : वर प्रेसवाल्याला मोराचा दोष दिला तो खोटा. त्यानं मला रीतसर मेसेज केला होता, "मामाच्या रकान्यात कायच न्हाई, मोर टाकू का?" मी मीटिंगमध्ये होतो. न वाचताच अंगठा पाठवला. सगळ्या पत्रात बाणाचं एवढं पुराण लावलं ते यासाठीच, की अंगठ्याचं सांगायला लागू नये. बाणाची चूक प्रोग्रॅम लिहिणाऱ्या कुणाचीही होऊ शकते. अंगठा माझा एकट्याचा आहे.

तिसरा ता. क. : हे पत्र पोस्टानं येणार नाही. उद्या सकाळी आईला मोटरसायकलवर मागं बसवून शिक्रापूर, न्हावरा, चौफुला करत मीच घेऊन येणार, आणि गोठ्याजवळ मामींच्या हातात देऊन वळणापाशी जाऊन उभा राहणार. मला बोलावलं नाही तरी चालेल. आई मात्र तुमच्या फाटकाबाहेर चिंचेखाली उभी असेल, ताटात कुंकू-अक्षता घेऊन. तुम्ही स्वतः हाक मारल्याबिगर ती आत येणार नाही, आणि पाणी प्यायचं तर माहेरचंच पिईन म्हणून घरातून तशीच निघणार आहे. म्हणजे तुम्ही चष्मा शोधला तेव्हापासून, आणि पायथन, ड्रायव्हर, मोर हे सगळं वाचत होता तोवर, ती तिथं तहानलेली उभीच आहे. हे सगळ्यात वर लिहायला हवं होतं. मामा, तेही चुकलंच. तिला आत घ्या.